समोर धरलेला कप

अपंग माणसाला कोणतं काम झेपेल हे तपासून तसा अहवाल लिहिणं, ही माझी नोकरी. पुनर्वसन समुपदेशक असं भारदस्त नाव आहे तिला. परभणीहून एसटीने निघायचं, ताडकळस, पोखर्णी, मानवत असं कुठेतरी शाळेच्या वर्गात टेबल टाकून बसायचं आणि येईल त्याला पारखायचं.

येणारे बहुतेक जण दुखणं वाढवून सांगत. त्यांचा तरी काय दोष? अपंगत्व जितकं जास्त तितक्या सवलती जास्त, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माणसं घरून तालीम करूनच येत. पण मीही कच्च्या गुरूची चेली नव्हते. गप्पा मारता मारता चहाचा कप पुढे करायचे. उजवा हात पार गेला म्हणणारा गडी त्याच हाताने कप घ्यायचा, आणि मी गालातल्या गालात हसायचे. या युक्तीचा मला फार अभिमान होता. आता तो आठवला की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

दिवाळीनंतर ताडकळसच्या शिबिरात एक तरुण मोठ्या भावाबरोबर आला. एका पायाने लंगडा होता, त्याचं प्रमाणपत्र होतं. मानवतकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, अपंगांसाठी एक जागा निघाली होती आणि भावाला ती याच्यासाठी हवी होती.

तरुण खाली मान घालून म्हणाला, "ताई, पायाचं काय न्हाई. पण मला कडंचं दिसत न्हाई. दिवस कलला की तर लयच अंधार. मशिनीपाशी नगा लावू मला."

"सोंगं करायलाय, मॅडम," भाऊ मध्येच बोलला. "डॉक्टरसमोर तक्त्यावरचे अक्षरं घडाघडा वाचले की ह्यानं."

मी सवयीने चहा पुढे केला. त्याने थेंबही न सांडता कप घेतला. सापडला, मी मनात म्हटलं.

तो कपाकडे बघत हळूच म्हणाला, "तुमी समोर धरला, ताई."

मी ते ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. तरी मी लिहिलं, 'नजर ठीक. यंत्राजवळच्या कामास योग्य.' खाली झोकात सही केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल माझा नव्हता.

दोन महिन्यांनी नियमाप्रमाणे कामाची जागा पाहायला गेले. ऊन उतरलं होतं. शेडमध्ये कापसाचा भुगा धुक्यासारखा तरंगत होता आणि एका बाजूने यंत्राचा रुंद पट्टा उघडाच फिरत होता. तो डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन पट्ट्याच्या कडेने येत होता, पाय जमिनीवर घासत, चाचपत. वाटेत कुणीतरी टोपली ठेवली होती, त्याच्या डावीकडे जरा पुढे. तो तिला अडखळला आणि हातांवर पडला. पट्टा तिथून हातभर लांब होता.

कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

कापूस निवडणारी एक बाई म्हणाली, "रोजचंच हाय, बाई. मागं पट्ट्यानं सदरा धरला व्हता त्याचा. जुना व्हता, फाटला म्हून वाचला."

मी मुकादमाला गाठलं, याला इथून हलवा म्हणाले. त्याने शांतपणे माझाच अहवाल काढून दाखवला. "तुमचीच सही हाय न्हवं? मी कसा हलवू?"

पिशवीत फेरतपासणीचा अर्ज होता. त्यावर त्या तरुणाची सही लागते. मी अर्ज घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "चूक माझी झाली. तू खरं बोलत होतास. इथे सही कर, मी तुला दुसरं काम बघते."

तो हसला. "न्हाई ताई. आता दिसतंय मला."

"अरे, आत्ता पडलास ना!"

"पाय घसरला." मग म्हणाला, "पुढल्या महिन्यात लगीन हाय. कारखान्यात कामाला हाय म्हून पोरगी दिलीय त्यांनी. आंधळा म्हून कागद केला तर कोण देईल?"

खोटं बोलणारी शेकडो माणसं मी पकडली होती. हा एकच खरं बोलायला आला होता, आणि त्याला खोटं बोलायला मी शिकवलं. मुकादम बघतोय का ते पाहायला मी दोन पावलं उजवीकडे सरकले.

"सगळं दिसतंय मला, ताई," तो पुन्हा म्हणाला, मी मघाशी उभी होते त्या रिकाम्या जागेकडे बघत. "तुमी काळजी करू नगा." मग त्याने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पट्ट्याच्या बाजूने चालू लागला.