सायकलीला दिलेली पक्की झाळ

“मालक, वळवा! आवं, वळवा की!” सोपान लोहार मागून ओरडत होता आणि मी सायकलवरून सरळ चाललो होतो.

सरळ जाणं हा माझा स्वभाव नाही, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. पण त्या दिवशी इलाज नव्हता.

सायकल मला सासऱ्यांनी लग्नात दिलेली. सहा वर्षांपूर्वी ती बैलगाडीत बसून गावात आली, तेव्हा बीडपासून इकडं दहा कोसांत दुसरी सायकल नव्हती (हे अंतर मी दरवर्षी दोन कोसांनी वाढवतो). अशा वस्तूवर पाय टाकून बसायचं? माझ्या मनाला ते पटेना. शिवाय मला चालवताही येत नव्हती. म्हणून मी तिची पूजा सुरू केली. खांडेनवमीला नांगर, पाभर, कुऱ्हाड अशी अवजारं मांडली की रांगेत पहिली सायकल. सीट उपसायची, खालच्या नळीत पंचामृत ओतायचं, वरून पाच तांबे पाणी, अक्षता, सुपारी, आणि सीट परत ठोकून बसवायची. सासऱ्यांना मात्र पत्रातून कळवायचो, ‘सायकल उत्तम चालते. कालच कपिलधारला जाऊन आलो.’

शिवरात्रीच्या आधी त्यांचं उत्तर आलं. ‘धाकट्याला अंबाजोगाईच्या शाळेत घातला आहे. तुमची सायकल नुसतीच उभी असते असं कानावर आलं. सोमवारी येतो. चालवताना दिसलात तर तुमची, नाहीतर गाडीत घालून नेतो.’

आमच्या सरूबाईंनी पत्र ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सायकल गेली तर म्या माहेरी कंच्या तोंडानं जाऊ? बहिनींना सांगून बसले, आमचे हे सायकलीबिगर परसाकडंबी जात न्हाईत.”

“असं कावून सांगितलंस?”

“तुमीच पत्रात कपिलधारला गेलता. म्या तर परसाकडंच धाडलं.”

सायकल अंगणात काढली. सहा वर्षांची पूजा तिच्या अंगी लागली होती. सांगाडा गंजून गुळाच्या ढेपेसारखा दिसत होता. सरूनं चिंचेचा कोळ केला, विटकरीची पूड घेतली आणि घागर घासावी तशी ती सायकलवर तुटून पडली. गंज निघू लागला. मग गंजाबरोबर सायकलही निघू लागली. सीटखालच्या नळीला बोटभर भोक पडलं आणि त्यातून दोन सुपाऱ्या, एक हळकुंड आणि मूठभर तांदूळ बाहेर आले. पुढची आडवी नळी तर सांध्यातून निखळून हातातच आली.

चाकं काढून घरी ठेवली आणि सांगाडा खांद्यावर टाकून मी सोपानकडं गेलो. (चाकं घरी ठेवली म्हणून वाचली, हे पुढं कळलं.) सोपान म्हणजे बैलगाडीचा बादशहा. चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यानंच. त्यानं सांगाडा उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

“पितळेची झाळ द्यावी लागंल, मालक.”

“दे. पण काम पक्कं पाहिजे. माझ्या इज्जतीचा सवाल हाय.”

त्यानं भोकावर पत्रा बसवला, टाकणखार लावला, भाता सुरू केला. पितळ वितळून सांध्यात शिरलं आणि नळी जागेवर बसली. मी खूश झालो. तेवढ्यात माझा हात हँडलला लागला आणि हँडल डावीकडं गेलं. उजवीकडं ढकललं, तर उजवीकडं गेलं.

“हे कावून हलतंय बे?”

सोपान गंभीर झाला. “ढिलं पडलंय. गाडीची धुरी अशी हलाय लागली तर मी गिऱ्हाइकाला तोंड दावनार न्हाई.”

“मंग बघतोस काय? जे जे हलतंय ते समदं झाळून टाक.”

हा हुकूम माझा. त्यानं तो मनापासून पाळला. हँडल झाळलं, ब्रेकच्या कांब्याही झाळल्या. सायकल इतकी पक्की झाली की मी स्वतः हँडलला लोंबकळून पाहिलं आणि त्याची पाठ थोपटली.

घरी नेऊन चाकं बसवली. सोमवारी सासऱ्यांची गाडी ओढ्याजवळ दिसली. वेशीतून ओढ्याकडं उतार आहे. बेत सोपा होता. सोपाननं मागून सायकल धरायची, ढकलायची, सोडायची, आणि मी रोजच्यासारखा चेहरा करून सासऱ्यांना सामोरं जायचं. सुरुवातीची पन्नास पावलं मी असा काही शोभलो की सरू वेशीत पदर सावरून उभी राहिली.

मग रस्ता डावीकडं वळला.

मी वळलो नाही. ब्रेक दाबला, तर बोटंच दुखली. समोर खळं होतं आणि खळ्यात करडई. ज्यांनी करडई फक्त तेलाच्या रूपात पाहिली आहे त्यांना सांगतो, तिला काटे असतात. मी ढिगाच्या एका बाजूनं आत घुसलो तो अर्ध्यावर अडकून राहिलो.

सासरे गाडीतून उतरले, खळ्यात आले. मला जावईबापू म्हणण्याआधी त्यांनी सायकल उभी केली, हँडल धरून वळवायला गेले, सायकलसकट स्वतःच वळले.

“राहू द्या तुमच्याकडंच,” ते म्हणाले. “धाकटा जाईल शाळेत पायी.”

सायकल राहिली! वेशीतून धावत आलेल्या सरूचा चेहरा उजळला. माझ्या पाठीतले काटे ती दुप्पट वेगानं उपटू लागली.

सोपान धापा टाकत पोचला. मी करडईतूनच ओरडलो, “सोप्या, ही वळत कावून न्हाई बे?”

त्यानं सायकलकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“गाडी कुठं वळती, मालक? बैल वळत्यात.”