काळ्या दाढीची साक्ष

माझी मावशी कपड्यांच्या कारखान्यात फाटकावर बसायची. सुटीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, हे तिचं काम. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. काका होते तोवर काकांचे खिसे, ते गेल्यावर दूधवाल्याचं माप. तिच्यावर माझा जीव आहे, पण तिच्या घरात शिरताना मीसुद्धा उगाच पर्स छातीशी धरते, आणि त्याचा मला भयंकर राग येतो.

तिच्या मुलाची बदली झाली तेव्हा त्याने आपला पाळीव सरडा आईच्या गळ्यात मारला. बिअर्डेड ड्रॅगन. हातभर लांब, काचेच्या पेटीत, वर ऊब देणारा दिवा. त्याचं बिनसलं की गळ्याखालची काटेरी कातडी दाढीसारखी फुगते आणि काळी पडते. मावशीने आधी नाक मुरडलं, मग त्याचं नाव ठेवलं फौजदार. "बोलत नाही गं, पण बघतो सगळं," असं कौतुकाने सांगायची.

तिच्याकडे रोज येणारं माणूस एकच, समोरच्या दारातली शिवणवाली. कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणत. तीही त्याच कारखान्यातली. मावशीने तिची पिशवी नोकरीभर उपसली आणि एक दोरासुद्धा सापडला नाही. अशा दोघींची मैत्री कशी झाली, देव जाणे.

तर ही टाचणीबाई चहाला बसली की फौजदाराची दाढी काळी पडायला लागली. तो मान खालीवर झटकायचा, काचेवर पंजे घासायचा, समोरचा पाला तोंडात घ्यायचा नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजार नाही. त्याला कसला तरी ताण आहे. घरात काय बदललं की असं होतं, ते बघा."

मावशीला बघायची गरजच वाटली नाही. तिने मैत्रिणीच्या कॉलरकडे बोट दाखवलं. "मी आत गेले की तू त्याला टोचतेस!"

टाचणीबाईने अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेली. ती परत आली नाही. फौजदार मात्र दुसऱ्या दिवसापासून सुधारला, पिवळाधमक होऊन दिव्याखाली पसरला. "बघ, पटलं ना?" मावशी मला फोनवर म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. चहा अजून दोघींचाच होतोय आणि अर्धा मोरीत जातोय, हेही तिनेच सांगितलं.

मला राहवलं नाही, मी गेले. बाहेरच्या खोलीत बसले. मावशी चहा टाकायला वळली आणि जाता जाता कपाटातून एक गोल, फुगीर आरसा काढून टेबलावर उभा केला. कारखान्याच्या फाटकावरचा तो जुना आरसा. त्यात सगळी खोली दिसते.

"हा कशाला?"

"तोंड बघायला," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तोंड बघितलंच नाही, कारण पेटीतून खरवडल्याचा आवाज आला. फौजदाराची दाढी फुगली होती, काजळासारखी काळी. मान झटकत तो माझ्याकडे नाही, आरशाकडे बघत होता. आरशात दुसरा एक दाढीवाला त्याच्यावर मान झटकत होता.

मावशी धावत आली. "तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय? माझे हात बघायला आरसा लावतेस तू? सख्ख्या भाचीचे?" मी तो आरसा टेबलावर पालथा घातला. "आता बघत बस."

चहा निवला तरी मी कपाला हात लावला नाही. दाढीचा काळा रंग हळूहळू उतरला. फौजदाराने पाल्याचा तुकडा उचलला. मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"आरसा मी चहा टाकायला आत जातानाच काढायचे, आणि चहा फक्त तिलाच द्यायचे गं," ती म्हणाली. "बाकीच्यांना दारातूनच..." चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने, आणि चोर तिच्याच कपाटात होता. आता टाचणीबाईला तू निर्दोष म्हणून सांगायला जायचं, तर इतकी वर्षं पाळत ठेवली हेही सांगावं लागणार. ते ऐकून ती दार कायमचं लावील, याची मावशीला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

तरी मावशी गेली. आरसा पदराखाली घेऊन. मी मागे उभी राहिले.

टाचणीबाईने दार उघडलं. मावशीने आरसा पुढे केला. "फौजदार याला बघून काळा पडायचा. तुला नाही. आणि हा मी... तुझ्यावर..."

"ठाऊक आहे," टाचणीबाई म्हणाली. "आरशात तुला मी दिसायचे, तर मला तू दिसत नव्हतीस होय?"

मावशीने आरसा उलटा धरला.

"डब्यातली फुटकी बिस्किटं तू तुझ्या बशीत घ्यायचीस आणि अख्खी माझ्या. ते रोज बघत होते, म्हणून आरशाबद्दल कधी बोलले नाही." तिने आरसा घेतला नाही. "पण टोचतेस म्हणालीस, ते तोंडावर म्हणालीस."

आणि ती दारातच उभी राहिली. ना आत ये म्हणाली, ना जा.