नानांनी माफ केलं नाही, तरी आम्ही हजला निघालो

आता विमानाने पाच-सहा तासांत जेद्दाला पोहोचता येतं. मी आणि अब्बा गेलो ते ऐंशीच्या दशकात. भडगावहून एसटीने चाळीसगाव, तिथून रेल्वेने मुंबई आणि पुढे आठवडाभर जहाज. सोबत तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. जहाज डुलायला लागलं की दोन्हींकडे बघवत नसे.

हजला जाणारा आधी घरोघर फिरून चुकांची माफी मागतो. अब्बा शेवटी गेले ते शेजारच्या शेतातल्या नानांकडे. दोघं लहानपणापासूनचे मित्र. एका वर्षी नानांच्या पाळीचं पाटाचं पाणी अब्बांनी गुपचूप आपल्या केळीत सोडलं होतं. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

"माफ कर नाना."

नानांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आते नही. पहिले परत ये, मंग देखसूत."

माफी आता नाही, परत आल्यावर बघू. अब्बांचा चेहरा पडला. सत्तरी उलटलेला माणूस, तिकडेच मरण आलं तर सोनं, असं घरात सांगून निघालेला.

मक्केत काबा समोर आला आणि पाठ केलेल्या सगळ्या दुआ मी विसरलो. नुसता रडत उभा राहिलो. तुम्ही गेलात तर घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं. मिनाच्या तंबूंत गर्दी मरणाची. अराफातच्या मैदानात ऊन असं की छत्री आणि पाण्याची बाटली जिवापाड जपावी. तिथे दुपारभर हात पसरून अब्बा एकच पुटपुटत होते.

"अल्लाह अपना माफ करेगा बेटा," मला म्हणाले, "लेकिन नाना का तो नाना को-च करना पडेगा."

मुझ्दलिफ्यात सैतानाला मारायचे तुरीच्या दाण्याएवढे खडे वेचतानाही तेच. मदिनेत बाकीचे म्हातारे तिथेच माती मिळावी म्हणून दुआ मागत. आमचे अब्बा परतीचं जहाज कधी, ते रोज विचारत.

भडगावच्या स्टँडवर सर्वांत पुढे नाना, हातात हार. अब्बांनी मान वाकवलीच नाही. "आधी बोल," म्हणाले.

"माफ तं मी तव्हयच करेल व्हतं. पन तू तं तठेच मरानं म्हनी निंघेल व्हता. माफ करी देतू, तं तू परत ऊना असता का?"

नवेकोरे हाजीसाहेब भर स्टँडवर नानांना सणसणीत शिवी देऊन बसले आणि मग दोघं गळ्यात पडून रडले.

लोक विचारतात, हजचं मनात काय राहिलं? काबा राहिला, अराफात राहिलं. अब्बा त्यानंतर अकरा वर्षं जगले. ती अकरा वर्षं आम्हाला नानांनी दिली, असंच मी आजही मानतो.