इस्त्री लागली की वाढणारा दिवा

चाळीच्या मुख्य बोर्डातला न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, स्क्रू मी नीट आवळला नव्हता, आणि हे मी सात वर्षं कुणालाही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात भूपाल गेल्याचा फोन माधवनगरहून साताऱ्याला आला, तेव्हा आधी तो स्क्रू आठवला, भूपालचा चेहरा नंतर...

नव्वदीच्या सुरुवातीला मी सांगलीकडे वायरिंगची कामं घ्यायचो. माधवनगरातल्या भूपालच्या चाळीचं वायरिंग माझंच. तो गिरणीत स्टोअरकीपर. घरी शेजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करायचा. घरात येणारी वीज दिवसभर कशी वागते, हे त्याला बघायचं होतं. महागडी यंत्रं कुठून आणणार? जुन्या बाजारातला मल्टिमीटर, चाळीस वॉटचा दिवा आणि भंगारातलं विजेवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ. ते विजेच्या ठेक्यावरच चालतं, भार वाढून ठेका मंदावला की मागं पडतं, म्हणून रोज सकाळी तो ते मनगटी घड्याळाशी ताडून बघायचा. "काल समद्या गावानं मिळून अकरा मिनिटं घालवली बघ," म्हणून हसायचा. शाळेच्या वहीत वेळ, व्होल्ट आणि शेजारी काय चालू आहे, ते लिहायचा. खालच्या खोलीतून शेवंताकाकू ओरडायच्या, "माझ्या इस्त्रीवर कसली पाळत ठेवतोस रं? लुगडी मोजतोस व्हय?"

त्या इस्त्रीनंच त्याला कोड्यात टाकलं. मला बोलावून म्हणाला, "सदा, काकूंची इस्त्री लागली की माझा दिवा वाढतोय. दोनशे पंचवीसचे दोनशे पंचेचाळीस व्होल्ट. उतरायला पायजे का न्हाई?"

"मीटरला चढली असंल तुझ्या," म्हणालो आणि चहा पिऊन निघालो. खोल्या तीन फेजवर वाटलेल्या, परतीची तार सगळ्यांना एकच. ती सैल असली की एकाच्या भारानं दुसऱ्याच्या घरात व्होल्ट चढतात. हे मला ठाऊक होतं. पण स्वतःच्या कामावर शंका घ्यायची म्हणजे...

पंधरवड्यानं त्या तारेचा सांधा सुटला. तीन टीव्ही जळले, त्यातला एक काकूंचा. मी बोर्ड उघडला, काळा पडलेला स्क्रू बदलला, झाकण लावलं. "काय झालं?" म्हणून सगळे विचारायला लागले, तेव्हा बोलून गेलो, "भूपालच्या प्रयोगांना विचारा." त्यानंतर चाळीतला एकही रेडिओ त्याच्याकडे आला नाही.

यंदा दिवाळीनंतर भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. मी सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. तो उठून बसला.

"स्क्रू एकाच बाजूनं काळा हुता का सगळीकडनं?"

"एका बाजूनं."

त्यानं वही मागवली. टीव्ही जळले त्या दिवसाच्या पानावर ‘दिवा आता वाढत नाही. का?’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली माझं उत्तर उतरवून घेतलं. "सात वर्सं हितंच अडलो हुतो, गड्या. बरं केलंस. पर काकू माझ्या घराचा उंबरा चढत न्हाईत. त्यास्नी सांग."

"सांगतो," म्हणालो. खाली काकूंचं दार उघडं होतं. एसटी चुकेल, असं स्वतःला समजावून पुढं निघून आलो.

फोन आल्यावर गेलो. खोलीत सगळी चाळ बसली होती. काकू बाहेर, कठड्याला टेकून. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "काकू, तुमचा टीव्ही माझ्या कामानं जळला. भूपालनं मला आधी दाखवलं होतं, मी ऐकलं नाही, आणि वर त्याचंच नाव घेतलं. मला माफ करा." मग आत वळून भूपालच्या बायकोसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तेच पुन्हा म्हणालो.