ताईचं रक्त

दुपारच्या उन्हात ताईच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसत होता. दवाखान्यातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती आणि वर टांगलेल्या पिशवीतलं रक्त थेंबाथेंबाने नळीत उतरत होतं.

तिचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींना परकं समजून फोडून टाकतं, असं डॉक्टरांनी सकाळी मला समजावलं होतं. "कशामुळे?" मी विचारलं. "कधी एखाद्या औषधामुळे होतं, कधी दुसऱ्या आजारामुळे. यांच्या बाबतीत कारण सापडत नाही," ते म्हणाले. औषधं देऊन झाली होती, प्लीहाही काढून झाली होती.

भाऊजी गेल्यावर सासरच्यांनी ताईला घरात घेतलं नाही, तरी दर दिवाळीला ती त्यांना फराळ पाठवायची. तिने कुणाला परकं मानलेलं मी पाहिलं नाही. आणि तिच्याच शरीराला आता आपलं माणूस ओळखू येत नव्हतं. शरीर काही वैर करत नाही, ते बिचारं राखणच करत असतं. पण राखणारच जिवावर उठला, तर दाद कुणाकडे मागायची?

"हे रक्त कुणाचं असेल गं?" ताईने विचारलं.

"असेल कुणा भल्या माणसाचं."

"तेही फुटणारच ना माझ्यात?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"पुढच्या वेळी रक्त लावायला सांगू नकोस," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी अंगी लागेल."

मी "बरं" म्हणाले.