पाठीवरचा निळा डाग

मी ग्वाल्हेरच्या कोर्टात टायपिंग करते, त्यामुळे साक्षीला येणारे डॉक्टर मला नवे नाहीत. बहुतेकांचा अर्धा जीव घड्याळात असतो. या डॉक्टरबाई मात्र तळहात चोळतच आत आल्या. जानेवारी होता, मला वाटलं, गारठल्या असतील.

आई तान्ह्या मुलीला मारते, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. पाठीवर भला मोठा निळा डाग, म्हणून मुलीला शिशुगृहात ठेवलेलं, आज तिथूनच कोर्टात आणलं होतं. आई भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

बाईंनी हात पुन्हा चोळले, मग झबलं वर केलं. मुलगी चक्क हसली. माझ्याकडे वळून बाई मराठीत पुटपुटल्या, "गार हात लागला की मूल रडतं, आणि रडणारं मूल सगळ्यांना मार खाल्लेलंच वाटतं."

मग त्यांनी जजसाहेबांना हिंदीत समजावलं: माराचा वळ दिवसागणिक रंग बदलतो, हा डाग जन्मापासून तसाच आहे, मुलगी मोठी होता होता आपोआप जाईल.

सरकारी वकिलांनी हटकलं, "ऐसा दाग और किसी का देखा है?"

"रोज़ देखती हूँ. बचपन में शायद जज साहब को भी रहा हो. माताजी से पूछ लीजिए."

साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मुलगी त्याच दिवशी आईच्या कडेवर बसून घरी गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन साहेबांच्या दाराशी पोचले, तर आतून दबका आवाज आला, "अम्मा, एक बात बताओ, हमारी पीठ पर…"

फोनमधून म्हातारीचं हसू थेट माझ्यापर्यंत आलं.