शंभर मीटर, न धरता

शुभदा हळबे एकोणपन्नासाव्या वर्षी पोहायला शिकली. या वयात बायका हौसेनं शिकतात, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. शुभदा शिकली ती निव्वळ संतापापोटी.

संताप आदल्या डिसेंबरातला. बंगळूरात हेब्बाळच्या बाजूला असलेल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती शास्त्रज्ञ. नऊ वर्षं खपून तिनं एक यंत्र तयार केलं होतं. बोटीवरून ते समुद्रात सोडायचं. ते तळाशी जाऊन बसणार, पाण्याखालचे आवाज टिपणार, आणि वरून ठरावीक आवाजाची हाक दिली की वजन तळाशीच टाकून देऊन वर येणार. हाकेला ते उत्तरही देई, पण इतकं बारीक की समुद्राच्या खरखरीतून ते निवडणारे कान प्रयोगशाळेत एकाच माणसाचे होते, शुभदाचे. आणि त्या डिसेंबरात नेमकी तीच बोटीवर नव्हती. बोटीवर जाणाऱ्याला शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहता आलंच पाहिजे, मध्ये काहीही न धरता, असा नियम होता. फ्रीस्टाइलच का, ते नियम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शुभदाला कुठलंच पोहणं येत नव्हतं.

कारवारच्या धक्क्यावर ती दिवसभर बोटीवर गेलेल्यांच्या बॅगा राखत बसली. लहानपणी सांगलीला कृष्णेच्या घाटावर भाऊ पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचा, तेव्हाही ती अशीच त्याचे कपडे राखत बसायची. मुलींनी पाण्यात उतरायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती आणि तिनं कधी हट्टही धरला नव्हता. त्या दिवशी धक्क्यावर बसल्या बसल्या तिला त्या न धरलेल्या हट्टाचा फार राग आला.

संध्याकाळी बोट परतली ती यंत्राशिवाय. हाक दिली, उत्तर आलं नाही, एक तास वाट पाहून परत फिरलो, असं केतकीनं अहवालात लिहिलं. केतकी तिच्या हाताखालची, पुण्याची, चौतिशीची; कॉलेजात पोहण्याची पदकं मिळवलेली. पुढे बोटीची नोंदवही आली आणि शुभदानं वेळांची वजाबाकी केली, तर चाळीसच मिनिटं भरली.

"चाळीसची साठ कशी झाली?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

"मॅडम, समुद्र खूप रफ होता, सगळे ओकत होते. मी अ‍ॅप्रॉक्झिमेटली लिहिलं."

"यंत्र अ‍ॅप्रॉक्झिमेटली गेलेलं नाहीये, केतकी. पूर्ण गेलंय."

तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं उरलं होतं. शुभदाच्या मनातून ती वीस मिनिटं जात नव्हती. कोण जाणे, त्या वीस मिनिटांतच उत्तर आलं असेल.

दुसरं यंत्र तयार व्हायला वर्ष गेलं. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला बोट निघणार होती. या खेपेलाही यंत्र वर आलं नाही तर प्रकल्प बंद, असं वरून स्पष्ट कळवलं होतं. बोटीच्या यादीत शुभदाचं नाव होतं, पण त्यापुढे फुली मारून खाली लिहिलं होतं: पोहण्याची चाचणी बाकी. चाचणी जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, एकदाच. नापास झाली तर हेडफोन पुन्हा केतकीच्या कानांवर. नवरा म्हणाला, "अगं, आहे ना केतकी. तू किनाऱ्यावरून सांग तिला." त्यावर शुभदा आठवडाभर त्याच्याशी कोरडंच वागली.

एप्रिलपासून ती क्वार्टर्सजवळच्या जलतरण तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला जात होती. शिकवायला चंद्राक्का. वय एकसष्ट, गाव चिकोडीकडचं, शिकलेली उसाच्या मळ्यातल्या विहिरीत. तीस वर्षं बंगळूरात काढून सगळ्यांशी कन्नडमध्ये खडखडणारी ही बाई शुभदाशी मात्र आपली सीमेवरची मराठी बोलायची, आणि ती बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून जरा जास्तच बोलायची.

पाच महिन्यांत शुभदा पंचवीस मीटर, म्हणजे तलावाची एक फेरी, जाऊ लागली. दुसऱ्या फेरीत ती जेमतेम अठराव्या हातापर्यंत पोचायची आणि मग छाती फुटेल असं वाटून उभी राहायची. हात ती मोजायचीच. मोजल्याशिवाय तिला काही करताच येत नसे. एका फेरीला सव्वीस हात, हे तिनं वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं होतं. वही नीटनेटकी होती आणि पोहणं तिथल्या तिथेच होतं.

एक दिवस चंद्राक्कानं तिला अधल्यामधल्या पाण्यातच अडवलं.

"शुभदक्का, खरं सांगा. तोंड पाण्यात असतंय तवा तुम्ही श्वास सोडता काय?"

"नाही. धरून ठेवते."

"का हो?"

"हवा भरलेली असली की माणूस तरंगतं. छातीत चार लिटर हवा म्हणजे चार किलोची उचल. सोडली तर खालीच जाईन ना."

 हजारभर बायकांना शिकवलं असेल चंद्राक्कानं, पण भीतीचा असा हिशेब कुणी मांडला नव्हता.

"चार किलोची उचल, व्हय? मग पाय कुणाचे बुडाल्यात?"

 पाय तिचेच बुडत होते. छाती फुग्यासारखी वर, पाय खाली, आणि हवा घ्यायला मान समोर उचलली की ते आणखी खाली.

"पाठीला डबा बांधतात तसा तुम्ही छातीत डबा बांधलाय बघा," चंद्राक्का म्हणाली. "जुनी हवा धरून बसल्यावर नवी शिरंल कुठं? पाण्यात तोंड हाय तवर हूं करून सोडत ऱ्हावा. मग मान नका उचलू. अंगासंगं कुशीवर वळा, एक डोळा पाण्यातच ठेवा. हवा मिळतीय की. कुठं पळून जातीय?"

मग भिंत धरून, तोंड बुडवून नुसतं हूं करायचं. पंधरा दिवस तेच. शेजारी सात वर्षांच्या मुली फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या आणि ही प्रयोगशाळेतली मोठी बाई भिंतीला लागून बुडबुडे काढायची. कळत होतं सगळं, वळत नव्हतं. दोन श्वास सुटायचे, तिसऱ्याला छातीला आपोआप कुलूप लागायचं. तरी दोन फेऱ्या झाल्या, डिसेंबरात तीन. चार एकदाही झाल्या नाहीत. चाचणीच्या आदल्या दिवसापर्यंत शंभर मीटर तिनं एकदाही पार केले नव्हते, आणि हे तिच्या नि चंद्राक्काखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

शनिवारी साडेआठला सुरक्षा अधिकारी नंजुंडस्वामी फाइल आणि कॉफीचा थर्मास घेऊन काठावर खुर्ची टाकून बसले. सज्जन माणूस, दहाला त्यांची मीटिंग होती. केतकीही आली होती, आपलं प्रमाणपत्र नवं करून घ्यायला. तिनं पाण्यात सूर मारला, दोन मिनिटांत चार फेऱ्या संपवल्या आणि पाय पाण्यात सोडून काठावर बसली. 

"स्वल्प सावकाश," चंद्राक्का कानाशी म्हणाली. "हूं विसरायचं न्हाई."

शुभदा उथळ बाजूनं निघाली. पहिली फेरी सव्वीस हात. दुसरी सत्तावीस. तिसरीत ती पुन्हा खोल बाजूकडे निघाली, आणि दहाव्या हाताला कुशीवर वळायची घाई झाली. नाकातोंडात पाणी गेलं. छातीला कुलूप लागलं. अकरा, बारा, तेरा. खाली निळ्या फरश्या लांब लांब गेलेल्या, पुढची भिंत जवळ यायला तयार नाही. चौदा. हवा घ्यायला तिनं मान समोर उचलली, पाय खाली गेले, आणि आता आपण मरतो असं तिला खरोखर वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; इथे तर हाताशी चांगला जाड दोर होता, दोन रांगांच्या मधला. तिनं तो धरला. एक, दोन, तीन. मग सोडला, आणि कशीबशी हात मारत तिसरी फेरी, मग चौथी फेरी संपवून उथळ पाण्यात उभी राहिली.

नंजुंडस्वामी फोन कानाला लावून पाठमोरे उभे होते. फोन संपवून वळले तेव्हा ती भिंतीशी होती.

"सरी, मॅडम, ठीक है. हो गया ना?" म्हणत त्यांनी कागदावर खूण केली आणि सही करायला पेन टेकवलं.

चंद्राक्का नुसती पाण्याकडे बघत होती. केतकी उठून जवळ आली, वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, कुणी पाहिलं नाहीये. इट्स ओके. तुम्ही चला बोटीवर."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती मनापासून बोलत होती, आणि त्यामुळेच शुभदाला ते जास्त लागलं. तीन अंक मोजण्याइतका वेळ. शंभरातले पाच मीटर म्हणा हवं तर. बोट, हेडफोन, नऊ वर्षं, सगळं त्या कागदावर होतं, आणि गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. पण गप्प बसली असती तर चाळीस मिनिटांबद्दल या मुलीशी तिला पुन्हा तोंड उघडता आलं नसतं.

"सर," ती मोठ्यानं म्हणाली, "तिसऱ्या फेरीत मी दोर धरला होता."

नंजुंडस्वामींचं पेन थांबलं. हात दाखवून अवलक्षण करून घेणारी बाई त्यांना बहुधा नोकरीत पहिल्यांदाच भेटत होती. तसं असेल तर नापास लिहावं लागेल, ते कष्टी होऊन म्हणाले, आणि पुढची चाचणी मार्चमध्ये.

"चाचणी संपली कुठे? तुम्ही अजून सही केलेली नाही. मी आत्ता पुन्हा पोहते."

"मॅडम, आप थक गए हैं."

"दहाला अजून पाऊण तास आहे, सर."

"नको शुभदक्का," चंद्राक्का पुढे आली. "हातात जीव ऱ्हायला न्हाई तुमच्या. खोल बाजूला पायात गोळा आला तर?"

"तर तुम्ही आहातच की."

चंद्राक्कानं तिचा चेहरा बघितला, आणि मग जाऊन खोल बाजूला गुडघे मुडपून बसली. नंजुंडस्वामींनी या खेपेला फोन बंद करून खिशात टाकला. हे शुभदानं पाहिलं आणि तिचं उरलंसुरलं अवसान गळालं. आता धरलं तर सगळ्यांना दिसणार होतं. ती निघाली.

पहिल्या पाच हातांतच कळलं की दंडांत काही उरलेलं नाही. पाणी ओढताच येईना, नुसता हात पुढे पडायचा आणि अंग त्याच्यामागून सरकायचं. छाती आवळून धरायलाही जोर लागतो; तोही नव्हता. तोंड पाण्यात गेलं तसा श्वास आपोआप सुटून गेला. हूं. ती कुशीवर वळली, एक डोळा पाण्यातच राहिला, आणि हवा आत आली. आठ, नऊ... एकोणतीस, तीस. भिंत. वळली. तिसऱ्यांदा नाक भरलं तेव्हा दोर अगदी हाताशी होता, लाल-पांढरा, ओला. तिची बोटं त्याच्याकडे वळलीसुद्धा. हूं करून तिनं पाणी नाकातून बाहेर ढकललं, आणि हात दोरावरून पुढे पाण्यात पडला. त्या क्षणी ती इतकी घाबरली होती की कितवा हात, कितवी फेरी, ते निसटलं. एकदा निसटलं ते पुन्हा सापडलं नाही. मग हूं, वळ, हवा. हूं, वळ, हवा. भिंत आली की ती वळत होती. काठावर कुणीतरी ओरडत होतं, पण पाण्यात सगळे आवाज सारखेच येतात. आपण हरलो आणि थांबायला सांगताहेत, असं तिला वाटलं. तरी ती थांबली नाही.

पुढची भिंत हाताला लागली तेव्हा तिनं डोकं वर काढलं. पाय टेकायला गेली, तर खाली जमीनच नव्हती. समोर उथळ पाण्याच्या पायऱ्या हव्या होत्या. तिथे खोल बाजूची लोखंडी शिडी होती, आणि तिच्यापाशी चंद्राक्का, डोळे पुसत, कन्नडमध्ये कुणाला तरी शिव्या घालत होती. पलीकडून नंजुंडस्वामी दोन्ही हात हलवत "बस, मॅडम, बस" म्हणत होते. काठाकाठानं अनवाणी धावत आलेली केतकी धापा टाकत शिडीशी बसली.

शुभदाला काही उमगेना. एक फेरी कमी पडली म्हणून ती खोल बाजूला अडकलीय, की आणखी काही?

"किती झाल्या?" तिनं विचारलं. श्वास पुरत नव्हता. "केतकी, खरं सांग. किती झाल्या?"

"पाच," केतकी म्हणाली. "चारच लागत होत्या, मॅडम. एक जास्तीची झाली. दोर कुठेही धरला नाहीत."

तिनं हात पुढे केला. शुभदानं तो धरला.

"या वेळी मी नीट मोजलंय," केतकी म्हणाली.